डॉमिनेरियाचा ड्राफ्ट कसा खेळावा? सुरुवात कॉमन कार्डांपासून

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा नवा संच आला की चर्चा होते ती दोन-चार दुर्मीळ, महागड्या कार्डांची. पण संच खरोखर समजून घ्यायचा असेल तर त्याचा ड्राफ्ट (बंद पाकिटांतून एकेक कार्ड निवडून तिथेच डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा प्रकार) खेळावा, आणि ड्राफ्ट जिंकायचा असेल तर आधी कॉमन, म्हणजे सर्रास मिळणारी, कार्डं नीट वाचावीत. डॉमिनेरिया हा संच त्यासाठी मला फार आवडतो, म्हणून इथे तोच घेतला आहे.

रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ १९९३ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अरेबियन नाइट्स हा पहिला विस्तार-संच आला. खेळाच्या सुरुवातीच्या बऱ्याचशा कथा ज्या जगात घडतात, त्या जगाचं नाव डॉमिनेरिया. पंचविसाव्या वर्षी, २७ एप्रिल २०१८ रोजी, त्याच नावाचा संच आला आणि त्याच्या रचनेत गारफिल्ड स्वतः पुन्हा सहभागी झाले. विकत घेताना नाव नीट वाचा: डॉमिनेरिया युनायटेड (२०२२) आणि डॉमिनेरिया रीमास्टर्ड (२०२३) हे वेगळे संच आहेत. खाली लिहिलं आहे ते फक्त २०१८च्या संचाबद्दल.

आधी जमवाजमव

ड्राफ्टला घरून डेक आणावा लागत नाही. साधारण आठ जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकाला तीन बंद पाकिटं मिळतात. त्यातून जे हाती लागेल त्यातूनच डेक बांधायचा. वर्षानुवर्षं कार्डं जमवणारा आणि काल खेळ शिकलेला, दोघेही इथे एकाच रेषेवरून निघतात. डॉमिनेरियाच्या पाकिटात १० कॉमन, ३ अनकॉमन (थोडी कमी मिळणारी), १ रेअर (दुर्मीळ) किंवा मिथिक (अतिदुर्मीळ) आणि १ साधी लँड (माना, म्हणजे कार्डं खेळण्याची शक्ती, देणारं कार्ड) असते. शिवाय प्रत्येक पाकिटात किमान एक लेजंडरी क्रीचर (कथेतलं नावाजलेलं पात्र; क्रीचर म्हणजे लढणारं कार्ड) हमखास मिळतं. साध्या लँडचा वेगळा गठ्ठा मात्र हाताशी ठेवा, प्रत्येक रंगाच्या चाळीसेक.

बंद पाकिटं मिळत नसतील किंवा परवडत नसतील, तर एक सोपा मार्ग आहे. संचात १०१ वेगवेगळी कॉमन आणि ८० अनकॉमन कार्डं आहेत. प्रत्येक कॉमनच्या दोन प्रती आणि प्रत्येक अनकॉमनची एक प्रत सुटी विकत घ्या. दोन्ही गठ्ठे वेगवेगळे पिसा आणि १० कॉमन अधिक ४ अनकॉमन अशी पाकिटं स्वतःच लावा. सहा जणांना अठरा पाकिटं लागतात, म्हणजे १८० कॉमन आणि ७२ अनकॉमन. हिशेब बरोबर बसतो आणि थोडी कार्डं उरतातही. खेळ झाला की सगळी कार्डं परत गोळा करायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पिसायची. रेअर एकही नसलं तरी हा ड्राफ्ट रंगतो.

संच वाचणे

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आठ जणांच्या टेबलावर २४ पाकिटं फुटतात, म्हणजे साधारण २४० कॉमन. १०१ने भागलं तर प्रत्येक कॉमन टेबलावर सरासरी दोन-तीनदा येतं. मिथिक साधारण आठ पाकिटांत एक, म्हणजे टेबलावर तीन, आणि संचात ती आहेत १५. ज्या मिथिकचं तुम्ही स्वप्न बघताय, ते पाच टेबलांत एखाद्या वेळी कुणाच्या तरी पाकिटात निघेल, आणि तो कुणीतरी तुम्हीच असाल असंही नाही. अभ्यासाचा वेळ कुठे घालवायचा हे या आकड्यांवरून ठरतं.

संपूर्ण यादी ऑनलाइन मोफत वाचता येते. ती उघडा, प्रत्येक रंगाची कॉमन कार्डं वेगळी करा आणि आधी एकच प्रश्न विचारा: समोरच्याचं क्रीचर कोणत्या कार्डाने हटवता येतं? लाल रंगात शिवान फायर आणि फायरी इंटरव्हेन्शन आहेत, काळ्यात इव्हिसरेट आणि व्हिशस ऑफरिंग. निळ्यात डीप फ्रीझ, पांढऱ्यात ब्लेस्ड लाइट. हिरव्याकडे अशी कार्डं कमी, त्याची भिस्त बालोथ गॉर्जरसारख्या दांडग्या क्रीचरवर. एवढं तोंडपाठ झालं तरी टेबलावर बसल्यावर अर्धा गोंधळ संपतो.

मग संचाच्या खास यंत्रणा बघा. किकर म्हणजे जादा किंमत, बहुधा जादा माना, देऊन कार्डाचा जोर वाढवणं. शिवान फायर दोन मानांत २ डॅमेज (इजा) देतं. वर आणखी चार माना दिले तर ४ डॅमेज. बालोथ गॉर्जर चार मानांत ४/४ (हल्ल्याची ताकद/सहनशक्ती) उतरतं, आठ माना असतील तर ७/७. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते: या संचात उशिरा आलेली लँड वाया जात नाही. सुरुवातीला उपयोगी पडणारं कार्ड दहाव्या टर्नलाही उपयोगी पडतं, फक्त माना हवा. म्हणून इथे लँडमध्ये कंजुषी करू नका.

सागा ही यंत्रणा याच संचात पहिल्यांदा आली आणि माझ्या मते या संचाचं सर्वांत देखणं काम तेच आहे. सागा म्हणजे टप्प्याटप्प्याने उलगडणारी गोष्ट. उतरवली की पहिला अध्याय घडतो, तुमच्या पुढच्या टर्नला दुसरा, त्यानंतर तिसरा, आणि मग कार्ड सहसा ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. खेळताना तिन्ही अध्याय आधी वाचून वेळ साधावी लागते. द एल्डेस्ट रीबॉर्न घ्या. पहिल्या अध्यायात समोरच्याला स्वतःचं एक क्रीचर किंवा प्लेन्सवॉकर (साथीला लढणारा जादूगार) बळी द्यावं लागतं, दुसऱ्यात हातातलं एक कार्ड टाकावं लागतं आणि तिसऱ्यात कुठल्याही ग्रेव्हयार्डमधलं एक क्रीचर किंवा प्लेन्सवॉकर तुमच्या बाजूला उभं राहतं. समोर चार क्रीचर असताना ही सागा उतरवली तर तो त्यातलं सर्वांत किरकोळ देईल. एकच दांडगं क्रीचर उरेपर्यंत थांबलात, तर तेच दोन टर्नांनी तुमच्या बाजूने लढू शकतं. टाइम ऑफ आइसचंही तसंच. पहिल्या दोन अध्यायांत समोरचं एकेक क्रीचर टॅप होऊन (आडवं, म्हणजे वापरलेलं) अडकतं, तिसऱ्यात सगळी टॅप झालेली क्रीचर आपापल्या मालकाच्या हातात परत जातात आणि सागाही तुमच्या हातात येते. म्हणजे ती पुन्हा खेळता येते! मात्र ‘सगळी’ यात तुमचीही आली, तेव्हा तिसऱ्या अध्यायाच्या वेळी स्वतःची क्रीचर टॅप होऊन बसलेली नसावीत.

कार्डं निवडणे

पाकीट उघडा, एक कार्ड ठेवा, उरलेली डावीकडे द्या. दुसरं पाकीट उजवीकडे फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे.

पहिल्या तीन-चार निवडींत रंग ठरवू नका. क्रीचर हटवणारं कार्ड किंवा एकट्याच्या बळावर चांगलं असं क्रीचर घ्या. पाच मानांचं उडणारं क्लाउडरीडर स्फिंक्स कॉमन असूनही या दुसऱ्या जातीचं आहे. नंतर मात्र काय *येत आहे* ते बघा. सहाव्या-सातव्या निवडीलाही इव्हिसरेट हाती आलं, तर वरच्या बाजूचे, म्हणजे तुम्हाला पाकीट देणारे, भिडू बहुधा काळा रंग घेत नाहीत. तो रंग तुमच्यासाठी मोकळा आहे, आणि तिसरं पाकीट त्याच बाजूने येणार असल्याने त्याचा फायदा तेव्हाही होईल. उलट पहिल्या फेरीत तुम्ही जो रंग सढळ हाताने डावीकडे दिलात, तो दुसऱ्या फेरीत डावीकडून फारसा येणार नाही. तक्रार करण्यात अर्थ नाही, शेजाऱ्याला त्या रंगात तुम्हीच बसवलंत.

आठ जण असतील तर तुमचं पहिलं पाकीट नवव्या निवडीला परत तुमच्याकडे येतं. त्यात काय होतं ते लक्षात ठेवा. काय नाहीसं झालं यावरून टेबलाचा कल दिसतो.

डेक बांधणे

डेक किमान ४० कार्डांचा. चाळीसच ठेवा, एकही जास्त नको. त्यात १७ लँड आणि २३ इतर कार्डं, त्यांपैकी पंधरा-सोळा क्रीचर. दोन मानांची चार-पाच कार्डं असू द्या, पाच आणि त्याहून जास्त मानांची पाच-सहा पुरेत. माना देणाऱ्या लानोवार एल्व्ह्ज या क्रीचरच्या दोन-तीन प्रती असतील तर १६ लँडवर भागतं. रंग दोनच. लँडची वाटणी कार्डांवरची रंगचिन्हं मोजून करा, डोळे झाकून निम्मी-निम्मी नको.

काळा-हिरवा डेक कसा जुळून येतो बघा. डेथब्लूम थॅलिड मेलं की मागे एक सॅप्रोलिंग (छोटं क्रीचर) सोडतं. यावीमाया सॅफर्ड येतानाच एक घेऊन येतं. सॅप्रोलिंग मायग्रेशन दोन देतं, किकर भरला तर चार. एकेकटं बघितलं तर यातलं काहीच डोळ्यांत भरत नाही. पण त्यांच्यासोबत स्लाइमफूट, द स्टोअवे हे अनकॉमन आलं की मरणारं तुमचं प्रत्येक सॅप्रोलिंग समोरच्याला १ डॅमेज आणि तुम्हाला १ लाइफ देतं. समोरचा हल्ला करायलाही कचरतो आणि अडवायलाही.

खेळताना

हातातल्या सात कार्डांत दोन ते पाच लँड असतील तर हात ठेवा. एक किंवा सहा असतील तर मलिगन घ्या: नवी सात कार्डं उचलायची आणि त्यातलं एक डेकच्या तळाशी ठेवायचं.

सामना तीन डावांचा असतो, दोन जिंकले की झालं. डेकमध्ये न घेतलेली तुमची सगळी निवडलेली कार्डं दोन डावांच्या मध्ये अदलाबदलीसाठी वापरता येतात, आणि नवखे खेळाडू नेमकं हेच विसरतात. पहिल्या डावात समोरच्याकडे दोन सागा किंवा आयसी मॅनिप्युलेटर दिसलं, तर ती नष्ट करणारं पांढऱ्यातलं इनव्होक द डिव्हाइन किंवा हिरव्यातलं ब्रोकन बाँड एखाद्या कमजोर क्रीचरच्या जागी आत घ्या. अशी कार्डं ड्राफ्टच्या शेवटच्या निवडींत सहसा उरलेली सापडतात. तेव्हा दुसरं कामाचं काही नसेल, तर ती उचलून ठेवा.