सांधा येईपर्यंत कागदाचा सांधा

मॉडेल रेल्वेचा नवा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा तुकडा) मागवला की महिना-दीड महिना वाट पाहणं आलंच. तोवर अंदाजाने रूळ कापू नका. मी कापले होते, आणि ४ मिलिमीटरची फट आजही गाडी गेली की 'टक्' करते.

पेको ही मॉडेल रूळ बनवणारी ब्रिटिश कंपनी आपल्या सांध्यांचे पूर्ण मापाचे नकाशे छापायला देते. प्रिंटरवर '१०० टक्के'च ठेवा, 'पानात बसवा' नको. छापून झालं की पट्टी लावा: एचओमध्ये (म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापात) दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर भरलं पाहिजे. (आपल्या ब्रॉडगेजला खरं तर १९ च्या वर हवं, पण ते दुखणं वेगळं.)

कागद पाटावर चिकटवा आणि सगळ्यात लांब डबा हाताने त्यावरून फिरवा. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा या मापात साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतो. वळणावर त्याचं पोट शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतंय का, ते तिथेच कळतं.

मागवलेला सांधा कोड १०० चा की ७५ चा, तेही तपासा. या कोडवरून रुळांची उंची कळते: अनुक्रमे २.५४ आणि १.९ मिलिमीटर, म्हणून दोन्ही एकमेकांना जोडायला साधे जोड बसत नाहीत.