स्पॅनिशमधलं कर्मणी: आधी 'से' पक्कं करा

वरुड-मोर्शीकडं हंगामात 'येथे संत्री खरेदी केली जातात' अशा पाट्या दिसतात. कोण खरेदी करतो, ते पाटी सांगत नाही. हीच पाटी स्पॅनिशमध्ये लिहायची तर 'से कोम्प्रान नारांहास'. कापसाची असेल तर 'से कोम्प्रा आल्गोदोन'. कापूस एकवचनी म्हणून 'कोम्प्रा', संत्री अनेक म्हणून 'कोम्प्रान'. क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणं बदलतं, एवढं ध्यानात ठेवलं की अर्धं काम झालं. बोलण्यात हाच 'से'चा प्रकार जास्त चालतो.

दुसरा प्रकार 'सेर' (म्हणजे 'असणं', त्याचंच भूतकाळी रूप 'फुए', अनेकवचनी 'फुएरोन') आणि भूतकाळवाचक विशेषणाचा, तो बातम्यांत, पुस्तकांत जास्त. 'एल आल्गोदोन फुए बेंदिदो पोर मी पाद्रे', म्हणजे कापूस माझ्या वडिलांकडून विकला गेला. 'पोर' म्हणजे आपलं 'कडून'. कापूस पुल्लिंगी, म्हणून 'बेंदिदो'. संत्री असती (स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी) तर 'फुएरोन बेंदिदास'. इंग्रजीत हे लिंग-वचन बदलत नाही, पण आपण रोजच 'विकला गेला', 'विकली गेली' म्हणतो, त्यामुळं मराठी माणसाला इथं घाम फुटायचं कारण नाही.

घोळ होतो तो दोन जागी. 'से'च्या वाक्याला 'पोर' लावून कर्ता जोडू नका, कानाला खटकतं. आणि 'ला पुएर्ता एस्ता सेर्रादा' म्हणजे दार बंद आहे, नुसती स्थिती. दार बंद केलं गेलं म्हणायचं असेल तर 'फुए सेर्रादा'. मी सुरुवातीला सगळीकडं 'एस्ता'च लावत होतो.