दाढ बधिर झाली का, हे ओठाला विचारू नका

बीडीएस करून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये लागले तेव्हा वाटायचं, ब्लॉक (जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन) देता आला की रूट कॅनॉलचं निम्मं काम झालं. उसाच्या हंगामात एका संध्याकाळी तो समज उतरला.

ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला आला. गालात लवंग, डोळे तांबडे. "डॉक्टर, आडवं झालं की ठणका लागतोय. तीन रात्री भिंतीला टेकून बसलोय." गार पाण्याने उठलेली कळ पाचपाच मिनिटं जात नव्हती. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप निम्मी संपलेली. तिचा उपयोग शून्य, कारण हे दुखणं पू झाल्याचं नसतं. पल्प, म्हणजे दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, सुजतो, पण भोवती डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) टणक भिंती, फुगायला जागा नाही, म्हणून दाब नसेवर येतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही अशा वेळी अँटिबायोटिक नको म्हणतात. तरी चिठ्ठीवर ते लिहायचा मोह होतोच, पेशंटला काहीतरी दिल्यासारखं वाटतं ना.

बोट त्याने खालच्या दाढेवर ठेवलं. त्यावर लगेच विश्वास टाकू नका. ही कळ वरची खाली, खालची वर, कानापर्यंत फिरते; समोरच्या दातांमधली रेषा मात्र सहसा ओलांडत नाही. म्हणून त्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही दात तपासायचे. सुईच्या टोपणात पाणी गोठवून केलेली बर्फाची कांडी आधी चांगल्या दाताला लावा, मग संशयिताला. काही जण गार पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात, कारण गारव्याने त्यांना बरं वाटतं. तिथे बर्फ काही सांगत नाही, गटापर्चा, म्हणजे रूट कॅनॉलमध्ये भरतात तो रबरासारखा पदार्थ, गरम करून लावावा लागतो. मग एक्स-रे.

त्याची खालची पहिली मोठी दाढच निघाली. 2 टक्के लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचा, ब्लॉक दिला. ओठ जड झाला, अर्धी जीभ जड झाली. मी खूश. एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) डेंटिनला लागला आणि गडी खुर्चीतून उठलाच!

सीनियर मॅडम मागून म्हणाल्या, "ओठाला विचारलंस, दाढेला विचारलंस का?"

तेव्हापासून ब्लॉकनंतर तीच बर्फाची कांडी त्याच दाढेला पुन्हा लावते. कळ आली तर ड्रिल हातात घ्यायचं नाही. सुजलेल्या पल्पच्या नसा लिग्नोकेनला नीट दाद देत नाहीत, म्हणून ब्लॉक अचूक बसूनही दाढ बधिर होतच नाही. आपला हात चुकला असं मानून तोच ब्लॉक पुन्हापुन्हा देत बसू नका. गालाच्या बाजूने 4 टक्के आर्टिकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन, म्हणजे दाढेजवळच इंजेक्शन, द्या, त्यावर दाढ आणि हाडाच्या मधल्या लिगामेंटमध्ये थोडं. तरीही चेंबर (दाढेतली पल्पची पोकळी) उघडताना दुखलं तर शेवटचा उपाय म्हणजे थेट पल्पमध्ये इंजेक्शन. सुई घट्ट बसून जोर लागला पाहिजे, नाहीतर औषध बाहेर येतं. हे इंजेक्शन क्षणभर जोरात दुखतं. ते आधी सांगा. सांगून दिलेली कळ लोक सोसतात, फसवून दिलेली विसरत नाहीत.

चेंबर उघडलं की भळकन रक्त येतं, घाबरू नका. बाहेर पाच पेशंट बसलेत म्हणून मुळांतले सगळे कॅनॉल अर्धवट खरवडू नका. वेळ नसेल तर फक्त वरचा पल्प काढा, हायपोक्लोराइटचा (जंतुनाशक द्रवाचा) बोळा दाबून रक्त थांबवा, मग कोरडा बोळा आणि वर निदान 3-4 मिलिमीटर जाडीचं टेंपररी फिलिंग. बहुतेकांचा ठणका एवढ्याने जातो. "हवा लागू दे" म्हणून दाढ उघडी सोडायची जुनी पद्धत सोडा. घरी 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि जोडीला पॅरासिटामॉल. अल्सर, किडनी, दमा विचारूनच.

पुढची तारीख मात्र मी घाईत तोंडी सांगितली, हे माझं चुकलं. ठणका गेलेला माणूस हंगामात कशाला येतोय? तो आला थेट कारखाना बंद झाल्यावर, हातात गुळाची ढेप. टेंपररी अर्धं उडालेलं, आत भाकरीचे कण. आणि या खेपेला हिरडीवर पुवाची पुळी होती.