नाव न घेतल्या जाणाऱ्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा

मुंबईतील अनेक मराठी घरांत एखाद्या पणजोबांविषयी किंवा चुलत आजीविषयी विचारले की वडीलधारी माणसे विषय बदलतात. एक बिऱ्हाड गावी आणि दुसरे गिरणगावातील चाळीत, असे आयुष्य दोन-तीन पिढ्यांनी काढले, आणि त्यामुळे दुसरे लग्न, दत्तक, दुर्धर आजार किंवा घर सोडून जाणे या गोष्टी एकीकडे घडल्या तरी दुसरीकडे झाकून ठेवता आल्या. अशा शोधात गुपित उघड सांगणारा कागद शोधत बसू नये, कारण तो बहुधा लिहिलेलाच नसतो. जमिनीचा वारसा, मृत्यूची नोंद, श्राद्ध अशा दुसऱ्याच कारणासाठी जे लिहावे किंवा पाळावे लागले, त्यात ते नाव राहून गेलेले असते.

सुरुवात देवघरापासून करावी. चांदीचे टाक, म्हणजे देवाची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेले छोटे पत्रे, एकेक करून हातात घ्यावेत, त्यांवरील आकृती पाहावी आणि हा कोणाचा, हे घरातील सर्वांत वयस्क बाईला विचारावे. खंडोबा, भवानी यांच्याबरोबर एखादा वीराचा टाक असेल, तर कोणी पूर्वज लढाईत किंवा अकाली गेल्याची ती खूण असू शकते. मुंजाचा टाक लग्नाआधी गेलेल्या मुलाचा असतो. आणि सवतीचा टाक निघाला, तर पणजोबांची पहिली पत्नी होती आणि आपण दुसरीचे वंशज असू, ही वंशावळीत कोठेही न लिहिलेली शक्यता समोर येते. श्राद्धाची तिथीही अशीच बोलकी असते. पितृपक्षात साधारणपणे मृत्यूच्या तिथीला श्राद्ध होते, परंतु भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी आणि द्वादशी संन्याशांसाठी राखलेली आहे. घर सोडून गेलेल्या एखाद्या पूर्वजाचे श्राद्ध द्वादशीला होत असेल, तर त्याने संन्यास घेतला असावा, हा अंदाज बांधायला आधार मिळतो.

माणसांना विचारतानाही हाच आडवळणाचा मार्ग धरावा. “आजोबांनी दुसरं लग्न का केलं?” असा प्रश्न समोरच्याला आरोपासारखा वाटतो. “आत्या, आपल्याकडे पक्षाला कोणाकोणाची पानं वाढायची?” या प्रश्नाला मात्र आत्या आठवून आठवून उत्तर देते, आणि त्या यादीत एखादे अनोळखी नाव येते. ते तेव्हाच टिपून घ्यावे. त्याच बैठकीत त्याचा पाठपुरावा करू नये.

यानंतरचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे गावच्या जमिनीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबाऱ्यावर आजचे धारक दिसतात, पण त्यावरील फेरफार क्रमांक धरून एकेक पिढी मागे जाता येते. जुने फेरफार अनेक तालुक्यांसाठी ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तेथे नसल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे नात्यासह येतात. घरी ज्या मुलाचा उल्लेखही होत नाही, त्याचे नाव येथे सख्ख्या भावांच्या रांगेत असू शकते, कारण त्याला वगळले असते तर हिश्श्यावरून तक्रार झाली असती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या नोंदींत मुली बहुधा आढळत नाहीत, म्हणून त्यांची अनुपस्थिती हा पुरावा मानू नये. दोन विधवांची नावे दिसली तरी दचकू नये. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न करण्यास बंदी 1946 च्या कायद्याने आली, त्यापूर्वीचे असे लग्न बेकायदा नव्हते. त्याच अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागावे. त्यात गावातील जन्ममृत्यूंच्या नोंदी असतात. बरेचसे जुने कागद मोडी लिपीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, आणि तेवढा वेळ नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. तारीख शके सनात असल्यास 78 मिळवावेत, मात्र माघ-फाल्गुनासाठी 79. पौष डिसेंबर-जानेवारीत येत असल्याने तेथे 78 की 79 हे तिथीवरून ठरवावे. शके 1840 चा भाद्रपद 1918 मध्ये पडतो, माघ 1919 मध्ये.

मुंबईत मृत्यूची नोंद राहत्या घरावरून होत नाही, मृत्यूच्या जागेवरून होते, हे न कळल्याने पुष्कळांचा शोध अडतो. वरळीच्या चाळीत राहणारा गिरणी कामगार परळच्या केईएम रुग्णालयात वारला असेल, तर वरळीच्या, म्हणजे महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात हेलपाटे घालून उपयोग नाही. नोंद परळच्या एफ-दक्षिण विभागात शोधावी लागते. नोंद मिळाल्यास तीत खबर देणाऱ्याचे नाव आहे का, हे आधी पाहावे. खबर देणारी व्यक्ती अनोळखी असेल, तर मुंबईतील दुसऱ्या बिऱ्हाडाचा धागा तेथेच हाती लागण्याची शक्यता असते. 1918 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील मृत्यू असल्यास इन्फ्लुएंझाच्या साथीचा विचार आधी करावा.

“मुंबईला गेला तो परतलाच नाही” एवढेच ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याच्या बाबतीत आजाराची शक्यता गंभीरपणे घ्यावी. वडाळ्याचे अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय 1890 मध्ये बेघर कुष्ठरुग्णांसाठी सुरू झाले, आणि 1898 च्या कायद्याने निराधार रुग्णांना अशा ठिकाणी डांबून ठेवण्याची मुभा सरकारला दिली. घरच्यांनी ज्याला मेला असे जाहीर केले, तो अशा आवारात पुढे कित्येक वर्षे जगत असण्याची शक्यता होती. ही गोष्ट फार दुःखाची आहे, आणि ती सापडल्यास त्या माणसाचे नाव वंशावळीत त्याच्या जागी पुन्हा लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते. रुग्णालयाकडे विचारणा लेखी करावी आणि नात्याचा पुरावा सोबत जोडावा.

जमलेली माहिती मांडताना प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून घेतले आहे, ऐकीव आहे की आपला तर्क आहे, हे लिहून ठेवावे. टाक आणि तिथी या केवळ खुणा आहेत. त्यांना कागदाचा दुजोरा मिळेपर्यंत त्या तर्कातच राहू द्याव्यात. निष्कर्ष प्रथम घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला एकांतात सांगावा, कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. दुसऱ्या शाखेतील माणसे सापडली, तर पहिल्या पत्रात जमीनजुमल्याचा विषय काढू नये. फेरफाराची प्रत, पूर्वजाचे नाव आणि आपले त्याच्याशी असलेले नाते एवढेच कळवावे, आणि उत्तरासाठी घाई करू नये.