पॅरिसच्या छोट्या भेटीत मुक्कामाची जागा कशी निवडावी

पॅरिससाठी तीन-चार दिवसच हाताशी असतील, तर हॉटेल शोधण्याआधी स्टेशन ठरवावे. बहुतेक प्रवासी आधी भाडे पाहतात, मग खोलीची छायाचित्रे, आणि नकाशा अगदी शेवटी उघडतात. मुक्काम लांबचा असेल तर हे खपून जाते. छोट्या भेटीत मात्र रोज दीड तास जाण्यायेण्यात गेला, तर एखादे संग्रहालय पाहायचे राहूनच जाते.

शहराचे 20 प्रभाग असून त्यांना तिथे ‘आरोंदिसमाँ’ म्हणतात. लूव्र संग्रहालयाच्या परिसरापासून पहिला क्रमांक सुरू होतो आणि पुढचे क्रमांक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसे घेत बाहेर जातात. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे प्रभागाचा क्रमांक, त्यामुळे 75004 हा पत्ता चौथ्या प्रभागातला हे लगेच कळते. पिनकोड 75 ने सुरू होत नसेल, तर जाहिरातीत ‘पॅरिस’ हा शब्द कितीही ठळक छापलेला असो, ते हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर आहे असे समजावे.

आता स्टेशनाकडे वळू. शार्ल द गोल विमानतळावरून येणारी आरईआर बी ही उपनगरी रेल्वेगाडी गार द्यु नोर, शातले-ले आल, सँ-मिशेल आणि दाँफेर-रोशरो अशी थेट शहराच्या मधून दक्षिणेकडे जाते. या मार्गावरच्या एखाद्या थांब्यापासून चालत पोहोचता येईल असे हॉटेल मिळाले, तर सामान घेऊन गाडी बदलण्याची वेळ येत नाही. नकाशावर एका ठिपक्याएवढे दिसणारे शातले-ले आल प्रत्यक्षात भुयारी वाटांचे जाळे आहे. एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला तिथे बरेच चालावे लागते, पायऱ्याही चढाव्या-उतराव्या लागतात, आणि चाकांची बॅग अशा वेळी ओझेच ठरते.

माझी पसंती विचाराल तर चौदाव्या प्रभागातल्या दाँफेर-रोशरोला. आरईआर बी, मेट्रो 4 आणि मेट्रो 6 असे तीन मार्ग तिथे एकत्र येतात. मेट्रो 4 थेट नोत्र-दामच्या बेटावर सोडते. मेट्रो 6 आयफेल मनोऱ्याजवळ जाते आणि बीर-आकेमपाशी पुलावरून सेन नदी ओलांडते, तेव्हा मनोरा खिडकीतूनच दिसतो. आसपास नेहमीची वस्ती आहे, आणि जवळच्या र्‍यू दागेरवर फळे, पाव, चीज यांची दुकाने आहेत.

संध्याकाळी पायी भटकायचे असेल, तर तिसऱ्या-चौथ्या प्रभागांत पसरलेला मारे हा भाग उत्तम. तिथल्या अरुंद गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, म्हणून आरक्षण करतानाच आतल्या चौकाकडची खोली मागून घ्यावी. मोंमार्त्र देखणे आहे, पण टेकडीवर आहे. तिथले आबेस स्टेशन सुमारे 36 मीटर खोल आहे. लिफ्टने वर आलात तरी पुढे चढणीचे रस्ते आणि जिने आहेतच, त्यामुळे वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तिथे दिवसा फिरायला जावे आणि मुक्काम दुसरीकडे ठेवावा. आयफेल मनोरा दिसणाऱ्या खिडकीसाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही. मनोरा शहरातल्या कितीतरी जागांवरून फुकट दिसतो. ला देफाँस हा कार्यालयांचा भाग सुट्टीच्या दिवशी स्वस्त पडू शकतो, पण संध्याकाळी तिथे फारशी जाग उरत नाही. लंडनला जाणारी सकाळची पहिली युरोस्टार रेल्वे पकडायची असेल, तर शेवटच्या रात्रीपुरते गार द्यु नोरजवळ राहणे सोयीचे ठरते.

भाग ठरला की खोलीचे तपशील बारकाईने वाचावेत. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, किंवा दोन माणसे आणि एक बॅग एवढीच जेमतेम मावेल इतकी लहान असते. डबल बेड अनेकदा 140 सेंटिमीटर रुंदीचाच असतो. दोन वेगळ्या खाटा हव्या असतील तर तसे स्पष्ट कळवावे. उन्हाळ्यात सर्वांत वरच्या मजल्याची खोली टाळावी, कारण छपरांवरचे जस्ताचे पत्रे दिवसभर तापतात आणि एसी असेलच असे नाही. प्रत्येक प्रौढामागे दर रात्री पर्यटक कर लागतो. तो हॉटेलच्या दर्जानुसार बदलतो आणि बऱ्याचदा तिथे गेल्यावर वेगळा भरावा लागतो. दोन हॉटेलांची तुलना करताना तो मिळवूनच करावी.

घर भाड्याने घ्यायचे असल्यास जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. मात्र दोन-तीन रात्रींसाठी हॉटेलच बरे, असे माझे मत आहे. विमान सकाळी उतरते आणि खोली दुपारी मिळते. मधल्या वेळात हॉटेलवाले सामान ठेवून घेतात, तर घराच्या बाबतीत ही सोय सहसा नसते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला निवासाचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारेच आरक्षण ठेवावे.

परतीचे विमान पहाटेचे असेल, तर टॅक्सीचा हिशेब आधीच करावा. शार्ल द गोलसाठी भाडे ठरावीक आहे: 2025 च्या दरांनुसार सेनच्या उत्तरेकडच्या, म्हणजे उजव्या काठावरून 56 युरो आणि डाव्या काठावरून 65 युरो.