चांदीपासून सुरुवात करू नका

एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतला तेव्हा पॉप्युलिस्ट चळवळीवरचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाअखेरच्या तिथल्या शेतकरी चळवळीवरचं, माझं पहिलं टिपण सरांनी परत केलं. समासात एवढंच लिहिलेलं: ‘यात शेतकरी कुठाय?’ सोनं विरुद्ध चांदी, सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोनं हे १६ ला १ चं प्रमाण, चांदीचा कैवारी नेता ब्रायन याचं १८९६ चं शिकागोतलं भाषण, अशी सात पानं मी भरली होती. शेतकरी खरंच नव्हता.

म्हणून नव्यांना सांगतो, दुकानदाराच्या वहीपासून सुरू करा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत रोकड दुर्मीळ होती. शेतकरी पीठ, मांस, खत उधारीवर उचलायचा आणि न आलेलं पीक गहाण टाकायचा. एकाच मालाचे दोन भाव. उधारीचा अर्थात चढा. दुकानदार म्हणायचा कापूसच लाव, विकला तोच जातो. हंगामाअखेर बाकी राहिली की पुढच्या वर्षी पुन्हा तेच दुकान. आपला सावकार आठवतोच, आणि धागा खराही आहे: युद्धात दक्षिणेचा कापूस अडला म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ नंतर तो कोसळला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांशी त्याचा किती संबंध, यावर अभ्यासक अजून भांडतात. तुम्ही त्यात लगेच पडू नका.

मग कागदावर गणित मांडा. गहू बुशेलला (धान्याचं अमेरिकी माप) एक डॉलर असताना हजार डॉलरचं कर्ज हजार बुशेलांत फिटतं. भाव अर्ध्यावर आला की त्यालाच दोन हजार बुशेल लागतात. कर्जाचा आकडा तसूभरही हललेला नाही. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी पाडून चलन वाढवा, भाव चढतील, ही चांदीवाल्यांची मागणी इथून आली. मला ब्रायन या गणितानंतरच कळला.

१८६७ ची ग्रेंज ही शेतकरी संघटना, टेक्ससमधून पसरलेली दुसरी संघटना फार्मर्स अलायन्स, चळवळीचा पक्ष पीपल्स पार्टी याचा १८९२ चा ओमाहा जाहीरनामा, ही सनावळ एका संध्याकाळी पाठ होते. जाहीरनामा मात्र मुळातून वाचा, फार मोठा नाही. रेल्वे सरकारच्या मालकीची, चढता आयकर, टपाल खात्याच्या बचत बँका. त्या वर्षी पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार वीव्हर याला दहा लाखांवर मतं पडली. अलायन्सचा नेता मकून याची सब-ट्रेझरी योजना तर दोनदा वाचा: माल सरकारी गोदामात ठेवायचा, किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत नाममात्र व्याजाने उचल घ्यायची आणि भाव चढला की विकायचा. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला की भाव पडतो, हे दुखणं त्याने नेमकं धरलं होतं.

एक खड्डा सांगून ठेवतो. चळवळीच्या प्रेमात पडायला होतं. दक्षिणेतल्या अलायन्सने काळ्या शेतकऱ्यांना सभासद केलं नाही. त्यांची कलर्ड फार्मर्स अलायन्स वेगळी होती. जॉर्जियाचा पॉप्युलिस्ट नेता टॉम वॉटसन १८९२ मध्ये काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांना एकत्र या म्हणत होता, पुढे तोच कडवा वर्णद्वेष पसरवू लागला. प्रबंधात वॉटसन घेणार असाल तर दोन्ही घ्या. मी पहिल्यावरच थांबलो होतो, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न दुसऱ्यावर आला.