उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्तीतील बालपणाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

लँकशायर, यॉर्कशायर आणि डरहॅम या भागांतील कापडगिरण्या, कोळसाखाणी आणि गोद्यांच्या आसपासच्या वस्त्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेली मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपले शेजारी असतील, कोणी व्याही असतील. त्यांच्या लहानपणाची हकिकत त्यांच्याच आवाजात जतन करायची असेल, तर ‘तुम्हाला आपल्या भागाचा अभिमान वाटतो का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्याचे उत्तर तयारच असते. आम्ही गरीब होतो पण सुखी होतो, दाराला कधी कुलूप नसे, शेजारी एकमेकांना धरून असत, एवढे सांगून माणूस थांबतो. यातले काही खोटे नसले, तरी ते कोणत्याही गल्लीतल्या कोणीही सांगितलेले असू शकते. अभिमान कामाच्या आणि पैशाच्या तपशिलातून आपोआप बाहेर पडतो, म्हणून प्रश्नही त्यांविषयीच तयार ठेवावेत.

भेटीला जाण्यापूर्वी त्या गावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, तपासून घ्यावी, कारण येथे पहिलीच ठेच लागते. १ एप्रिल १९७४ रोजी सीमा बदलल्या, तेव्हा यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या विभागातील सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले आणि बार्नोल्ड्सविक लँकशायरमध्ये. सॅडलवर्थच्या जुन्या रहिवाशाला ‘म्हणजे तुम्ही मँचेस्टरकडचे’ असे म्हटले, तर पुढचा अर्धा तास दुरुस्तीतच जाण्याचा संभव आहे. हा निव्वळ हट्ट नव्हे. यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबने, काही अपवाद वगळता, काउंटीच्या जुन्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळवण्याचा दंडक १९९२ पर्यंत पाळला होता. त्या वर्षी त्यांचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आला तो सचिन तेंडुलकर. संभाषणाला सुरुवात करण्यासाठी मराठी माणसाला याहून सोयीस्कर विषय सापडणे कठीण आहे. रग्बी लीगचा विषयही असाच उपयोगी पडतो. १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेच्या क्लबांनी रग्बीच्या मूळ संघटनेपासून फारकत घेतली, त्यामागे सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही हा वाद होता. त्यामुळे त्या खेळाविषयी बोलताना प्रदेश आणि वर्ग या दोन्ही गोष्टी एकदमच निघतात.

सोबत जुना नकाशा न्यावा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात, आणि मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत एकेक घर व त्यामागचे अंगणसुद्धा दिसते. आजचा नकाशा येथे कुचकामी आहे. युद्धानंतर जुन्या वस्त्या पाडण्याच्या मोहिमांत कित्येक रस्ते नावासकट पुसले गेले. छापील प्रत टेबलावर पसरून घरापासून शाळेपर्यंतची वाट बोटाने दाखवायला सांगावे. घरांमधल्या बोळाला कोणी जिनेल म्हणेल, कोणी स्निकेट. जो शब्द येईल तो तसाच उतरवून घ्यावा.

घराविषयी विचारताना ‘तुमचे घर कसे होते’ यापेक्षा ‘सोमवारी काय होत असे’ असे विचारावे. सोमवार हा धुण्याचा दिवस होता आणि त्यात लहान मुलाला जवळजवळ नेहमीच काही ना काही काम असे. पाणी कशावर तापवले जाई, पिंपात कपडे दांड्याने कोण घुसळत असे, पिळण्याच्या मँगलचे हँडल कोणी फिरवायचे आणि दोन रुळांमध्ये कोणाचे बोट सापडले होते, शेवटच्या पाण्यात नीळ किती घालायची, मागच्या गल्लीत आडव्या बांधलेल्या दोऱ्यांवर चादरी वाळत असताना नेमकी कोळशाची गाडी आली तर काय धावपळ उडे, हे एकामागून एक विचारत गेले की सांगणाऱ्याचे हात आपोआप हलू लागतात. त्यानंतर उंबऱ्याच्या पायरीकडे वळावे. भंगारवाल्याला चिंध्या देऊन त्याच्याकडून डाँकी-स्टोन नावाची दगडाची वडी घेतली जाई आणि गुडघे टेकून पायरीच्या कडेला तिची पांढरी किंवा पिवळसर रेघ ओढली जाई. कोणाची पायरी घासलेली नाही हे साऱ्या गल्लीला माहीत असे. माझ्या मते, त्या वस्त्यांतील स्वाभिमानाचे बरेचसे उत्तर या एका कामात मिळते. त्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यावा.

पैशाचे आकडे सांगितले तसेच लिहावेत, आजच्या पौंडांत बदलू नयेत. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड असे, आणि सहा पेन्सच्या नाण्याने काय काय घेता येई हे मुलाला नेमके ठाऊक असे. को-ऑप या सहकारी दुकानातील आईचा लाभांश-क्रमांकही, म्हणजे नफ्यातील वाट्यासाठी खरेदी ज्यावर नोंदली जाई तो क्रमांक, विचारून पाहावा. सामान आणायला धाडलेल्या मुलाला तो पाठ असावाच लागे, आणि पुष्कळांना तो अजून आठवतो. आधुनिक सहकारी चळवळीची सुरुवात १८४४ मध्ये रॉचडेलमध्ये झाली, हेही त्या भागातील माणसे आवर्जून सांगतात.

वडिलांच्या कामाविषयी सगळेच विचारतात. आईच्या कामाविषयीही विचारावे, कारण लँकशायरच्या विणकामगिरण्यांत विवाहित स्त्रियाही मोठ्या संख्येने मागावर असत. मग मुलांना कोण सांभाळी? मागांच्या गोंगाटात बायका ओठांच्या हालचालींवरून बोलत, त्याला मी-मॉइंग म्हणत. घरीही आई तसे बोलत असेल, तर ते करून दाखवण्याची विनंती करावी आणि तेवढ्यापुरते चित्रीकरण करावे. गावाची वेक्स वीक, म्हणजे गिरणीची वार्षिक सुट्टी, कधी असे, हे नोंदवावे. गावागावांच्या गिरण्या वेगवेगळ्या आठवड्यांत बंद राहत आणि अख्खी गल्ली समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला जाई.

तारखा मात्र ताडून पाहाव्यात. गोड खाऊवरचे रेशनिंग फेब्रुवारी १९५३ मध्ये उठले, शाळा सोडण्याचे वय १९४७ पासून १५ झाले. आठवण आणि तारीख जुळत नसेल, तर मूळ बोलणे न बदलता समासात टीप द्यावी.

काही विषयांना घाईने हात घालू नये. अकराव्या वर्षीच्या परीक्षेने एकाच घरातील एक भावंड ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे निवडक मुलांच्या माध्यमिक शाळेत, गेले आणि दुसरे राहिले, हे दुःख अजून ओले असू शकते. खाणगावांत १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाचेही तसेच; त्यात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. हा विषय त्यांनी काढला तरच पुढे न्यावा. आणि संग्रह करणार असाल, तर ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम किंवा बोल्टनमध्ये साठच्या दशकात मीरपूर, पंजाब आणि गुजरातहून आलेल्या गिरणीकामगारांच्या मुलांनाही भेटावे. रात्रपाळीहून परतलेले वडील दिवसा झोपलेले असताना आवाज न करता खेळणे, हेही उत्तरेचेच बालपण आहे.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो, पण टिकटिकणारे घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि एका बैठकीत तासाभराहून अधिक बोलवू नये. लिहून काढताना बोलीतील व्याकरण सुधारू नये. मराठी भाषांतर केले, तरी इंग्रजी मूळ वेगळे जपावे. ध्वनिफीत कोणी ऐकायची याची लेखी संमती घ्यावी. पुढे ती काउंटीच्या अभिलेखागाराकडे किंवा सॅलफर्ड येथील वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररीसारख्या संस्थेकडे द्यायची असेल, तर ते स्वीकारतात का आणि कोणत्या स्वरूपात, हे आधी विचारावे. त्याआधी लिखित प्रत सांगणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि तो जे वाक्य खोडेल ते कागदावरून आणि द्यायच्या ध्वनिफितीतूनही काढून टाकावे.